गडग्यावरून चोरलेला गुलाब

बस्त्यांव, तुझ्या पेटीवर ठेवलेले गुलाब चोरीचे होते.

रागावू नकोस. गेलेल्या माणसाविषयी पहिलंच वाक्य असं लिहू नये हे मलाही कळतं. पण तुझ्याशी मी कधी गोड बोललो होतो, की आता बोलू? इगर्जीत, चर्चमध्ये, सगळे मान खाली घालून प्रार्थना म्हणत होते, तुझी बायको मार्तावयनी रडून रडून थकली होती, आणि मी तुझ्यापासून चार हातांवर नाक वर करून उभा होतो. पेटीवर अबोलीच्या गजऱ्यांखाली सहा-सात फिके गुलाबी, लहानसे, गच्च पाकळ्यांचे गावठी गुलाब होते. बाजारातल्या गुलाबाला वास नसतो. ह्यांना होता, लवंगेसारखा किंचित तिखट. तो वास एकाच झाडाचा, माझ्या आईच्या गुलाबाचा. आणि ते झाड तीन वर्षांपूर्वी मेलं. तू मारलंस. निदान मी वाडीभर तसं सांगितलं होतं.

"काय हुंगतास?" शालननं, माझ्या बायकोनं, कोपरानं ढोसलं. "मयताकडे तरी गप ऱ्हवा."

"ती फुला बघ. आयेच्या गुलाबाची आसत."

"आयेचो गुलाब मेलो. आता बस्त्यांव गेलो. तुमचो संशय काय तो मरणा नाय."

दफनभूमीत पेटी खाली सोडायच्या आधी मी तिच्यावरचं एक फूल उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं. पुरावा म्हणून. लोकांना वाटलं, शेजाऱ्याला गहिवरून आलं. गहिवरून आलंही होतं, पण त्याआधी माझ्या मनात पाल चुकचुकली होती, हे तुझ्यापासून काय लपवायचं!

एसटीच्या लाल गाडीवर अठ्ठावीस वर्षं तिकिटं तपासली मी. मालवण ते कुडाळ, कुडाळ ते आंबोली. चढलो की पहिल्यांदा माणसाचा चेहरा बघायचा, मग हात, मग तिकीट. झोपेचं सोंग कोण करतो, खिडकीबाहेर उगाच कोण बघतो, सगळं न बोलता कळायचं. निवृत्त झालो तरी डोळे काही निवृत्त झाले नाहीत. तू मला 'चेकर' म्हणायचास. दिनकर हे माझं नाव तुझ्या तोंडून मी दोनदाच ऐकलं असेल. तू बाजारातला शिंपी. आयुष्यभर लोकांच्या मापात राहिलेला माणूस. आपल्या दोघांच्या परड्यांच्या, मागच्या आवारांच्या मध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा, अलीकडे माझे गुलाब, पलीकडे तुझे, आणि दोघांत मिळून झाडं छाटायची एकच चांगली कात्री. तीही तुझी.

ती कात्री मी दर ऑक्टोबरात मागून न्यायचो आणि परत द्यायला विसरायचो. आठ दिवस तू काही बोलायचा नाहीस. मग गडग्यावर कोपर टेकून हाक मारायचास, "चेकर, माजी कात्री खंय आसा?" मी म्हणायचो, "खाल्लंय." तू म्हणायचास, "मगे थुक." मग मी ती शोधायला लागायचो, तोवर शालन चहा टाकायची, आणि संध्याकाळ होईपर्यंत आपण त्या गडग्याच्या दोन बाजूंना बसून भांडत असायचो. आयुष्यातली माझी बरीचशी सुखं अशीच गेली. मला तेव्हा ती भांडणं वाटली.

गुलाबाचं मला जे काही कळतं ते तू शिकवलंस. आणि तुझं एकही सांगणं मी सरळ मनानं घेतलं नाही. तू म्हणालास, "सांजचा पाणी घालू नको, पानां भिजवू नको, सकाळी बुडात घाल." मला वाटलं, संध्याकाळी आपल्या सामाईक विहिरीवर ह्याला एकट्याला रान मोकळं हवं. मी हट्टानं संध्याकाळीच घातलं. पानांवर काळे ठिपके आले आणि श्रावणात झाडं नुसत्या काट्यांची झाली. तू म्हणालास, "दसरो झालो की निम्म्यार छाट." मला वाटलं, ह्याला दिवाळीत माझं परडं बोडकं बघायचंय. मग त्याच दिवशी तू तुझीही झाडं निम्म्यावर आणलीस, तर मी शालनला सांगितलं, ह्याचा डाव भलताच खोल आहे.

आणि तो रानटी फुटवा आठवतो? माझ्या तांबड्या कलमाच्या बुडातून हातभर लांब, जोमदार फांदी आली होती. तू म्हणालास, "ती कलमाच्या खालसून इली, रानटी आसा. मुळासकट काढ, नाय तर झाड खातली." मी म्हटलं, झाडाची सगळ्यात तरणीताठी फांदी ह्याच्या डोळ्यात खुपतेय. ठेवली. दोन वर्षांत तांबडं फूल बंद झालं आणि कुंपणावरच्यासारखी बारीक पांढरी फुलं यायला लागली. तू येऊन बघितलंस. हसला नाहीस. हसला असतास तर बरं झालं असतं, कारण न हसणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

तुझं खरं ठरलं की मी आठ दिवसांनी गुपचूप तसंच करायचो आणि वाडीत सांगायचो की हे मला आधीपासून ठाऊक होतं. तू ते ऐकायचास. कापायच्या आधी बोटानं डोळा शोधायला तूच शिकवलंस. फांदीवरचा तो बारीक फुगवटा, बाहेरच्या बाजूला बघणारा, त्याच्या किंचित वर तिरका काप. "डोळो भायर बघता तो धर. आत बघणारो धरलंस तर झाड आपल्यातच गुंतता." हे तू माझ्याकडे बघून म्हणाला होतास. तो टोमणा होता की नाही, हे मी अजून ठरवतोय.

माझं स्वतःचं असं एकच शास्त्र होतं, मासळी धुतलेलं पाणी. बांगडा धुतला, सुंगटं धुतली, की ते पाणी गुलाबाला. आईही तेच करायची. ह्यात तरी तू नाक खुपसणार नाहीस असं वाटलं होतं, पण नाही. "मासळेचा पाणी बरा," तू म्हणालास, "पण मीठ लागलेला घालू नको हां." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, घ्या, आता ह्याला आमच्या घरच्या पाण्यातही हात घालायचाय.

आणि आईचा गुलाब. आंबोलीहून माहेरचं झाड म्हणून तिनं आणलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून, गाडीत मांडीवर धरून. तिकडच्या पावसात वाढलेलं ते झाड आमच्या खाऱ्या वाऱ्यात टिकेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ते टिकलं. आई गेली त्या वर्षीही फुललं. ती गेल्यावर घरात तिचं काही हलतंबोलतं उरलं असेल तर ते तेवढंच होतं. त्याची फांदी मी कुणालाही दिली नाही. बहिणीलाही नाही.

तू दरवर्षी मागायचास. "एक फांदी दी रे."

"नाय."

"एकच झाड म्हणजे झाड न्हय, चेकर. दुसऱ्याच्या परड्यात एक असूक व्हया. तुज्याकडचा गेला तर तेच्याकडचा आसता."

"माज्याकडचा जाणा नाय."

"बरा. मगे मी चोरतंय. चोरलेली बरी रुजता." आपल्याकडे म्हणतातच तसं, की मागून आणलेली फांदी रुसते आणि चोरून आणलेली रुजते. तू गमतीनं म्हणालास. मी त्या दिवसापासून परड्यात खाट टाकून दुपारची झोप काढायला लागलो.

आता तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याचं सांगतो. तुला ठाऊकच आहे, पण मला माझ्या तोंडून एकदा सगळं सांगू दे. शालननं आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, मडकंभर बांगडे मीठ लावून खारवले होते. मडक्यात लालसर पाणी सुटलं. ती ते रस्त्याकडेला टाकायला निघाली होती. मी टाकू दिलं नाही. "वाया कित्याक? एवढो माशाचो अर्क!" दोन दिवस ते सगळं पाणी मी माझ्या हातानं आईच्या गुलाबाच्या बुडात ओतलं. उन्हाळ्यात झाडाची बडदास्त ठेवली म्हणून स्वतःवर खूशही होतो. तेव्हा ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखीही वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासत मागच्या दारी आलो, तर तू गडग्यावरून माझ्या हद्दीत वाकलेला. उजव्या हातात बादली. आईच्या गुलाबाखाली जमीन भिजून चिखल झालेली. डावा हात पाठीमागे.

"काय करतंस रे थय?"

"काय नाय. पाणी."

"माज्या झाडाक तुजा पाणी कित्याक?"

"उन्हाळो आसा, म्हटलंय..."

"नि तो हात? पाठीमागे काय धरलंस?"

माझ्या धोंडीवर, कपडे धुवायच्या दगडावर, ते बांगड्यांचं मडकं पालथं वाळत होतं. तू एकदा त्याच्याकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे, आणि बादली घेऊन उलट्या पावली गेलास. पाठ न दाखवता. मी मनात नोंद केली, की हा माणूस हात लपवतोय.

आठ दिवसांत आईचा गुलाब गेला. आधी पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळली, मग शेंड्याकडून काळा पडत पडत खाली आला. बुडातली माती वाळल्यावर तिच्यावर पांढरी भुकटी दिसायला लागली. मी ती बोटानं खरवडून, विषाचा पुरावा म्हणून, गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि वाडी गोळा केली. पलीकडच्या घरची शेवंती आली, तिचे दीर आले, फेरीवरून परतणारे दोघेतिघे थांबले. "बघा, ह्या ईख! माज्या आयेचो गुलाब मारल्यान ह्या शिंप्यान. फांदी दिलंय नाय म्हणान मारल्यान! शिरा पडो तेच्या हातार!"

तू गडग्यापलीकडे टोपी हातात धरून उभा होतास.

"बोल! नाय म्हण!" मी ओरडलो.

तू टोपी डोक्यावर घातलीस. मग म्हणालास, "जाव दे, दिनकर."

दोनदा नाव घेतलंस म्हणालो ना, त्यातलं हे एक. आणि अठ्ठावीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो. तिकीट असलेला माणूस तावातावानं खिसे उलटे करतो, आणि 'जाऊ दे साहेब' म्हणतो त्याच्याकडे तिकीट नसतं. माझा निकाल तिथेच लागला.

त्यानंतर तीन वर्षं गडग्यावर कुणी कोपर टेकलं नाही. दसरा झाला की तुझ्या कात्रीचा आवाज यायचा, कट, कट, आणि मला वाटायचं, मला ऐकू यावा म्हणून मुद्दाम जोरात कापतोय. पूर्वी अर्धी वाडी तुला झाडं छाटायला बोलवायची. मी ओरडलो त्या दिवसापासून कुणी बोलावलं नाही. इखाचा हात आपल्या झाडाला नको. तीन ऑक्टोबर तुझी कात्री फक्त तुझ्याच परड्यात चालली. मला ते दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं समाधान होतं.

आणखी एक दिसत होतं. दर ऑक्टोबरात तुझ्या परड्याचं मागचं बांबूचं फाटक आठ-दहा दिवस सताड उघडं असायचं. एरवी तू किती टापटिपीचा! मला वाटलं, माझी वासरी आत शिरावी, तुझी झाडं खावीत आणि तुला वाडीसमोर माझ्यावर ओरडायला मिळावं, म्हणून हा सापळा. मी जाता येता ते बाहेरून ओढून घ्यायचो. वर काथ्याची गाठ मारायचो.

यंदा श्रावणात तुझा खोकला गडग्यावरून ऐकू यायला लागला. शालन दोनदा बघून आली. "बाजलार पडलो आसा. तुमका इचारी होतो, चेकर काय करता?" मला लगेच संशय. माझं काय करायचंय ह्याला? तरी एकदा एक पिकली पपई घेऊन गडग्यापर्यंत आलो. तिथे उभा राहिल्यावर वाटलं, हा म्हणेल, मरायला टेकलो तेव्हा आला. परत फिरलो. पपई मीच खाल्ली. गोड होती, पण तिसऱ्या फोडीनंतर खाववली नाही. चतुर्थीचे गणपती गेले, आणि आठवड्यानं तू गेलास.

तर पुरावा. पेटीवरचं फूल मी घरी आणून आईच्या पोथीत ठेवलेल्या जुन्या पाकळ्यांशेजारी ठेवलं. तोच रंग, तीच कुरळी कड. पाचव्या दिवशी मी तुझ्या घरी समाचाराला आलो. समाचार कसला, झडती घ्यायला आलो होतो. वयनी आत काळी कॉफी करायला गेली तेवढ्यात मी मागच्या दारानं परड्यात. न्हाणीघराच्या मागे, जिथे माझ्या बाजूनं कधीच नजर पोचत नाही तिथे, तुझ्या जुन्या शिलाई यंत्राच्या लोखंडी पायांवर एक अर्धं कापलेलं पिंप, आणि त्यात आईचा गुलाब. छातीएवढा. निरोगी. एका पानावर ठिपका नाही. बुडात नारळाची सोडणं पसरलेली, वर शेणखताचा थर, प्रत्येक फांदीला बाहेर बघणारा डोळा. आणि यंत्राच्या पायाला सुतळीनं बांधलेली तुझी कात्री.

वयनी दारात आली. मी चेकरच्या आवाजात विचारलं, "वयनी, ह्या झाड खंयसून इला?"

"तुज्याकडसून," ती म्हणाली. एवढं सरळ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. "तेनी चोरल्यान."

"कधी?"

"तू तेका बघलंस ना सकाळचो, बादली घेवन? तेवा. पाठीमागच्या हातात तीन फांदये होते. दोन मेले, एक जगली."

"मगे? झाड मारूचा नि फांदी चोरूची?"

ती यंत्राच्या पायाशी खाली बसली. "दिनकरभाऊ, आदल्या सांजेक तेनी तुका बघल्यान. मडक्यातला खारा पाणी वतताना. हाक मारूक धावलो, तोपर्यंत तू वतून मोकळो. सकाळी उठलो तो बावडेचा पाणी वडून वतूक लागलो. सात बादल्ये. मीठ खाली जावक व्हया म्हणा होतो. तू इलंस नि तेका हाकललंस."

मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही, बस्त्यांव. नवऱ्याची बाजू बायको घेणारच. मी उलटतपासणी केली. मग मला सांगायला ह्याला काय झालं होतं? सगळ्या वाडीसमोर मी त्याला नाही नाही ते बोललो, तेव्हा तरी?

"मी तेच इचारलंय तेका," ती म्हणाली. "तर म्हणता, आवशीचो गुलाब आपल्याच हातान मारलंय ह्या कळला, तर चेकर जेवचो नाय. माका गाळी घालता, घालूं दे. गाळी घालणारो माणूस दोन घास जास्त जेवता."

कॉफी तशीच ठेवून मी घरी आलो. ती गोळ्यांची बाटली माझ्या कपाटात होती, जुन्या पंचिंग मशीनशेजारी, झाकण घट्ट लावलेली. तीन वर्षं मी ती जपली होती. कधीतरी कुठेतरी दाखवता येईल म्हणून. झाकण उघडलं. इख म्हणून जे वाडीला दाखवलं होतं ते बोटावर घेतलं. बोट तोंडाशी नेऊन थांबलो. मरणाला भिऊन नव्हे. ते इख निघालं असतं तर मी सुटलो असतो. मी देवाला मनात म्हणालो, इख असू दे. जिभेवर ठेवलं.

मीठ.

शालन भात वाढून हाका मारत होती. मी जेवलो नाही. तुझं तेही बरोबर निघालं.

आता माझं भांडण ऐक. कुणी सांगितलं होतं तुला? माझ्या आईचा गुलाब, माझा हात, माझं पाप. ते मला कळू न देण्याचा हक्क तुला कुणी दिला? मी दोन दिवस जेवलो नसतो. चार दिवस. मग शालननं ओरडून जेवायला बसवलं असतं आणि पाचव्या दिवशी मी गडग्यावर येऊन तुझ्याशीच भांडलो असतो, की आधी का नाही ओरडलास. तीन वर्षांचा चहा होता तो, बस्त्यांव. तीन ऑक्टोबर होते. शिंपी असून माझं माप चुकीचं घेतलंस तू. मी एवढा कच्चा नव्हतो.

आणि माझा संशय अजून पुरता गेलेला नाही, हेही सांगतो. थोडं तुला ते झाड हवंच होतं. न्हाणीघरामागे लपवून, रोज सकाळी वास घेऊन, गडग्याकडे बघून तू मनातल्या मनात हसला असशील. हसलास ना? हसला असशील तर मला खूप बरं वाटेल.

त्या रात्रभर एक गोष्ट मला खात होती. वयनीला मी निघताना विचारलं होतं, "ह्या आणि कोणाक ठावक आसा?" ती म्हणाली होती, "कोणाक नाय. तू, मी नि तो." म्हणजे तू तर गेलास, वयनी बोलणाऱ्यातली नाही. मी गप्प राहिलो असतो तर वाडीत तू इखाचा हात असलेला शिंपी आणि मी दुखावलेला सज्जन, असंच कायम राहिलं असतं. मी ह्या सोयीचा विचार केला. अगदी बारकाईनं केला. तुझ्यापुढे आव आणत नाही.

सातव्या दिवसाचं मीस, इगर्जीतली प्रार्थना, झाल्यावर लोक तुझ्या खळ्यात, पुढच्या अंगणात, बसले होते. बिस्किटं फिरत होती. तिथेच उभा राहिलो मी, जिथून गडग्यापलीकडे मी ओरडत होतो ती जागा दिसते. बाटली वर धरली.

"आयका. बस्त्यांवान माजो गुलाब मारूक नाय. मी मारलंय. बांगड्यांचा खारा पाणी वतून. ह्या ईख न्हय, मीठ आसा. कोणाक संशय आसलो तर चाखान बघा."

शालननं तोंडाला पदर लावला. मग शेवंती उठली, बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाली, "मीठच." आणि तशीच उभी राहिली. "तीन वर्सां माजे गुलाब कोणी छाटूक नाय. मी तेका बोलवक नाय. बाजारात गावलो तर मान फिरवलंय. तो मात्र दर खेपेक इचारी, गुलाब कशे आसत गो?" एवढं बोलून ती खाली बसली आणि रडायला लागली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या परड्याचं मागचं फाटक सताड उघडं होतं. काथ्याची गाठ मी नेहमीसारखी मारायला गेलो, आणि आत वयनी उभी.

"नको बांधू," ती म्हणाली. "तीन वर्सां तो ह्या उघडा ठेयत होतो, नि तू बांधत होतंस."

"वासरी आत येवची म्हणान..."

"वासरेसाठी न्हय रे. तुज्यासाठी. म्हणा, दिलंय तर चेकर इचारीत खंयसून इला, नि दिलेली रुजणा नाय. तेका चोरूंक देवया. संशयी माणूस आसा, उघडा फाटक बघलो की बघूक तरी आत येतलो. कात्री पण बांधून ठेयत होतो."

मी सगळ्या जगाचे खिसे तपासले, बस्त्यांव. एक उघडं फाटक मला कळलं नाही.

वयनीनं पाठ फिरवली. "मी भांडी घासूक जातंय. माका कायेक दिसणा नाय." आणि खरंच विहिरीकडे तोंड करून मोठमोठ्यानं भांडी आपटायला लागली.

मी चोरी केली. आयुष्यातली पहिली. दोन फांद्या, पेन्सिलीएवढ्या जाड, बाहेर बघणारा डोळा शोधून, तिरका काप. डोळ्यांत पाणी असल्यामुळे एक काप जरा चुकला, तो समजून घे. एक फांदी शेवंतीच्या परड्यात लावली. न विचारता, ती बाजारात गेली असताना. दुसऱ्याच्या परड्यात एक असूक व्हया. दुसरी माझ्याकडे, पण जुन्या जागी नाही. तिथली माती अजून मला पटत नाही. धोंडीपासून लांब, सकाळचं ऊन येतं तिथे, बुडात सोडणं घालून. सकाळी बुडात पाणी घालतो. पानं भिजवायला अजून पानंच नाहीत. नुसती काडी आहे. रोज बघतो आणि रोज वाटतं, ही मेली असणार.

आणि एक. कात्री मी परत बांधली नाही. खिशात घालून आणली. मागच्या दारी खिळ्याला लावून ठेवली आहे, तुझ्या गडग्यावरून दिसेल अशी. दसरा तोंडावर आलाय, सगळ्या झाडांची छाटणी राहिली आहे, आणि शेवंतीनं मला विचारलंय, तिची झाडं मी छाटीन का. मला तुझ्याइतकं कुठे येतं?

कात्री आणून उद्या आठ दिवस होतात. आठ दिवस झाले की तू मागायला यायचास. मी उद्या सकाळी गडग्यापाशी बसतो. शालनला सांगितलंय, चहा दोन कप टाक.